तांबडा बैल कुणाचा

लग्न होऊन मी मळ्यावर आले तेव्हा पहिले काही दिवस मला हेच उमगेना, की आपण नेमके कुणाच्या घरात आलो आहोत. खोप एक, चूल एक, बैलगाडी एक आणि पुरुष दोन. अंतरपाटाच्या वेळी खाली घातलेली माझी मान वरात निघाली तरी खालीच होती, त्यामुळे नवऱ्याचे पाय तेवढे मी नीट पाहिले होते. खोपीत शिरले तर दोघांचेही पाय सारखेच भेगाळलेले. शेवटी त्यातला वयानं मोठा होता तो घोंगडं उचलून बाहेर गाडीखाली झोपायला गेला, आणि राहिला तो आपला असं मी धरून चालले. तो अंदाज बरोबर निघाला, एवढंच माझं नशीब.

मळा म्हणजे ऊसच ऊस. बारामतीकडून कॅनॉल येतो आणि इंदापूरच्या दिशेनं जातो, त्याच्या काठाला एका शेटजीनं मोठी जमीन करून ऊस लावला होता. धान्याला भाव नव्हता ते दिवस. माणदेशातून, भीमेपलीकडून, कुठून कुठून माणसं कामाला यायची. पाचटाच्या खोपी घालून राहायची, ऊस तोडायची, गुऱ्हाळावर राबायची, आणि हंगाम उरकला की ज्याच्या त्याच्या वाटेनं निघून जायची. कोण कुठला, पुढच्या साली दिसेल की नाही, कुणी विचारत नसे. मी पळसदेवची, भीमेकाठची. आमच्या गावात कुत्रं मेलं तरी चार घरं विचारायला यायची. इथं शेजारच्या खोपीतला माणूस तापानं फणफणला तरी लोक त्याला ओलांडून पाण्याला जात. आधी मला वाटलं लोक दुष्ट आहेत. मग कळलं, त्यांनी जीव लावायचंच सोडून दिलेलं होतं.

अशा ठिकाणी ही दोन माणसं एकत्र राहतात याचं सगळ्यांना नवल. नात्यातली नव्हेत, एका गावची नव्हेत. आमचे हे माळावरचे, कोरडवाहू मुलखातले. दुसऱ्यांना सगळे आबा म्हणत, मीही आबाच म्हणे. ते नदीपलीकडच्या करमाळ्याकडचे. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. मुकादम येता-जाता विचारी, "ह्यो तुजा कोन?" हे म्हणत, "कुनी न्हाय. जोडीदार हाय." मुकादमाला ते पटत नसे. कुणी नाही तर मग भाकरी एका टोपल्यात कशी?

त्याचं कारण होते बैल. यांच्याजवळ गाडी होती, पण बैल एकच राहिलेला, पांढरा. आबांच्याजवळ गाडी नव्हती आणि बैल एकच, तांबडा. मळ्यावर ऊस वाहायला पुरी जोडी असेल त्यालाच घेत. दोघंही एकाच सकाळी फाटकावरून परत फिरवले गेले. आबा सांगत, "आमी एकमेकाचं तोंड मागनं बगितलं, आदी बैल बगितला." अशी ही सावड झाली. सावड म्हणजे तुझं नि माझं मिळून काम भागवायचं. गावाकडं ती पेरणीपुरती असते, यांची मात्र सुटलीच नाही. पांढरा उजव्या अंगाला चालायचा आणि तांबडा डाव्या. दुसऱ्या कुठल्या बैलाशेजारी जुंपलं तर दोघंही मान टाकत. माणसांचंही तेच झालं होतं. माझा नवरा माझ्याशी दिवसात जेवढं बोले तेवढं आबांशी नुसत्या विडीच्या वेळेत बोले. मला सुरुवातीला याचा फार राग यायचा. भाकरी मी थापायची आणि "मीठ झालंय का बरुबर?" हे आबांना विचारायचं.

पण आबांवर राग धरणं अवघड होतं. मी पाण्याची घागर घेऊन वर आले की ते उठून हात लावत. बायामाणसाच्या घागरीला हात लावणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता, त्यामुळे हा माणूस भला आहे की थोडा खुळा, हेही मला कितीतरी दिवस ठरवता आलं नाही. मला ते पोरी म्हणत.

संध्याकाळी बैल सुटले, त्यांच्यापुढं उसाच्या शेंड्यांचं वाढं पडलं, की दोघांचं एकच बोलणं चाले, ते जमिनीचं. जमीन नव्हतीच, पण तिच्यात काय लावायचं हे ठरलेलं होतं. कॅनॉलच्या पाण्याखालचा एक तुकडा, वाट्यानं का होईना. आबांना बांधावर लिंबाचं झाड हवं होतं. यांना एवढंच हवं होतं, की मुकादमानं सकाळी लोखंड वाजवलं की उठायचं, हे बंद व्हावं. मी आधी चुलीपाशी बसून ऐकायची, मग एक दिवस तोंडातून निघून गेलं, "कडंला चार वाफे मिरचीचं पायजेत." दोघांनी माझ्याकडं पाहिलं. हे हसले. आबा म्हणाले, "घ्या, आता तिगं झालो." त्या दिवसापासून त्या नसलेल्या जमिनीत माझाही भाग पडला. खरं सांगायचं तर सासर म्हणून मला जे काही मिळालं ते त्या बोलण्यातच मिळालं.

आणि मग जमीन खरोखरच समोर आली.

बारामतीच्या बाजारात यांची गाठ कन्हेरीकडच्या एका बागाईतदाराशी पडली. त्याच्या कॅनॉलखालच्या जमिनीचा एक तुकडा तो निम्म्या वाट्यानं द्यायला तयार होता. पाणी त्याचं, बी निम्मं त्याचं, राबणूक आणि बैल कसणाऱ्याचे. यांची गाडी-जोडी त्यानं मळ्यावर पाहिलेली होती. पण त्याच्या दोन अटी होत्या. बैलजोडी कसणाऱ्याच्या स्वतःच्या मालकीची हवी, आणि कसणारं घर एकच हवं. "दोन धनी मला एका बांधावर नगंत," तो म्हणाला होता. "भागीचं घोडं किवनानं मेलं. तुजं लगीन झालंय, तुला देतो. जोडी तुजीच हाय न्हवं?" हे गप्प राहिले होते. तो म्हणाला होता, पुढच्या बाजारादिवशी मी येऊन जोडी बघतो, मग नक्की करू.

हे सगळं यांनी जेवताना सांगितलं, आबांच्या देखत. माझा घास हातातच राहिला. जमीन मिळाली म्हणायची की गेली म्हणायची? यांनी ताटातली भाकरी मोडत सांगून टाकलं, "न्हाय करायची मला. तुमाला सोडून कसली जमीन?"

आबा म्हणाले, "त्याचं काय चुकलं? भागीत भांडनं व्हत्यातच."

"आपली झाली का?"

"न्हाय झाली," आबा म्हणाले, आणि पाणी पिऊन उठले.

पुढचे दोन-चार दिवस कुणीच त्या विषयाला हात लावला नाही. यांनी नाही म्हटलं होतं, पण बागाईतदाराला निरोप काही धाडला नव्हता. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? मला जमीन हवी होती. आबाही हवे होते. भांडं घासताना मला वाटे, आपण जमिनीचा विचार करतोय म्हणजे आबांना हाकलतोय. मग वाटे, आबांचा विचार करतोय म्हणजे पुढं होणाऱ्या पोराबाळांच्या तोंडचा घास काढतोय. एका दमात दोन्ही विचार यायचे आणि भांडं तसंच खरकटं राहायचं.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी आबा मला म्हणाले, "पोरी, तांबड्याला वाढं जरा बारीक करून घालत जा. त्येचा येक दात हालतुया." मी बरं म्हटलं. त्यात काही वावगं वाटावं असं काय होतं? बैलाचं तर रोजच काही ना काही असे.

सकाळी लोखंड वाजायच्या आत आबा निघून गेले होते. त्यांचं घोंगडं नव्हतं, तंबाखूची चंची नव्हती. तांबडा बैल मात्र पांढऱ्याशेजारी जागेवर बांधलेला होता, आणि त्याच्या गळ्यात त्याचं रोजचं दावं होतं.

मी म्हणाले, "गेलं. बैल आपल्याला दिऊन गेलं."

हे बैलाजवळ जाऊन उभे राहिले. दाव्याची गाठ हातात घेऊन पाहिली. "दिऊन कसं गेलं? दावं हाय की ह्येच्या गळ्यात."

हे मलाही ठाऊक होतं. आमच्या मुलखात जनावर विकलं की विकणारा गळ्यातलं दावं सोडून आपल्यापाशी ठेवून घेतो. घेणाऱ्यानं स्वतःचं दावं आणायचं. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. जनावर गेलं तरी चालेल, दावं जाऊ द्यायचं नाही. कितीही गरजू माणूस असो, बाजारातून घरी येतो तो रिकामं दावं खांद्यावर टाकून. तेव्हा दावं तिथंच आहे म्हणजे बैल दिलेला नाही, बैल आबांचाच आहे, आणि आबा त्याच्यासाठी परत येणार, हे यांच्या लेखी लख्ख होतं.

"मग घोंगडं का नेलं?" मी विचारलं.

घोंगडं नेलं म्हणजे माणूस गेला. दावं ठेवलं म्हणजे माणूस येणार. आम्ही दोघं त्या बैलाकडं बघत उभे, आणि बैल आपला रवंथ करतोय. त्याला सगळं माहीत होतं आणि तो सांगत नव्हता, असं मला त्या वेळी वाटलं आणि त्याचाच संताप आला.

दुपारी बागाईतदार आला. भला माणूस होता, छत्री काखेत धरून ऊन खात आला होता. त्यानं दोन्ही बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, खूर पाहिले, खूश झाला. मग यांना म्हणाला, "आता सांग. जोडी तुजीच न्हवं?"

मी खोपीच्या दारात होते. एक होय. एका शब्दाचं काम होतं. आबा तिथं नव्हते, अडवणारं कुणी नव्हतं, आणि कदाचित आबा त्यासाठीच तिथं नव्हते. पण 'कदाचित' या शब्दावर माझा नवरा पाऊल टाकणाऱ्यातला नव्हता.

"पांढरा माजा," हे म्हणाले. "तांबडा आमच्या जोडीदाराचा."

"कुठं हाय त्यो?"

"सकाळधरनं न्हाय. येनार हाय."

"कवा?"

"त्ये न्हाय सांगता येत."

बागाईतदारानं माझ्याकडं पाहिलं. घरात शहाणं माणूस कुणी आहे का, ते तो शोधत असावा. मी पदर पुढं ओढला. नवरा बोलत असताना बोलायची तेव्हा रीत नव्हती. तो "बरं हाय," म्हणाला, आणि छत्री उघडून निघून गेला. ती जमीन पुढं झारगडवाडीच्या एका घरानं केली, असं कानावर आलं.

मी त्या दिवशी डोक्यात राख घालून घेतली. "तेलबी गेलं नि तूपबी गेलं," मी यांना म्हणाले. "मानूस बी गेला, जिमीन बी गेली." हे म्हणाले, "आबा आल्यावर काय सांगू? तुमचा बैल माजा म्हनून सांगितला, आसं सांगू?" त्यानं माझा राग आणखीच वाढला. त्यांचं चुकत होतं असंही म्हणता येईना. बरोबर होतं असं तरी कसं म्हणू?

मग आम्ही वाट पाहू लागलो. हंगाम संपला, दुसरा सुरू झाला. हे जोडी जुंपत, ऊस वाहत, आणि जे मिळेल त्यातला आबांचा वाटा वेगळा काढून ठेवत. ज्वारी मिळाली की त्यांचा वाटा एका मातीच्या डेऱ्यात जाई. त्या ज्वारीला किडे लागले. मी म्हटलं, दळून खाऊया, आबा आल्यावर ताजी भरू. यांनी ती अंगणात पसरून उन्हात घातली, पाखडली आणि परत डेऱ्यात भरली. तांबड्याला मी वाढं बारीक करून घालत होते. लोक हसत. मुकादम म्हणे, "पळून गेलेल्याच्या बैलाची चाकरी करतुया, येडं हाय." कधी मला वाटे, खरंच वेड आहे. कधी वाटे, या सबंध मळ्यावर कुणी कुणासाठी काही राखून ठेवलंय असं हे एकच घर आहे. एकाच दिवसात मी यांची लाज धरी आणि अभिमानही.

वर्ष उलटून गेलं असेल. गुळाच्या ढेपा पोचवायला आमची गाडी इंदापूरच्या बाजाराला गेली, मला मडकी घ्यायची होती म्हणून मीही गेले. हे ढेपा उतरवून गाडी सोडत होते, आणि मी वळले तर समोर आबा. अंगानं निम्मे झालेले, हातात गोफण. कुणाच्या तरी ज्वारीवर पाखरं हाकायला राहिले होते.

त्यांनी आम्हाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला रडूच आलं. जवळ येऊन त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती ही: "पाळी दिसाची हाय का रातची?"

मला कळेना. कसली पाळी?

"पान्याची. नव्या जिमिनीला पानी दिसाचं मिळतंय का रातचं? रातचं असंल तर ह्येला तरास हाय, ह्येला झोप आवरत न्हाय."

मीच सांगितलं, की कसली जमीन, आबा, आम्ही आहोत तिथंच आहोत, उसावर.

आबा यांच्याकडं वळले. "का? त्यानं न्हाय म्हटलं?"

"मी न्हाय म्हटलं," हे म्हणाले. "तांबडा तुमचा व्हता. दावं व्हतं की त्येच्या गळ्यात. तुमी येनार म्हनून ऱ्हायलो."

"मी येनार?" आबा म्हणाले. "आरं, मी मग गेलो कशापायी?"

भर बाजारात ते मातीत खाली बसले. माणसं बाजूनं जात होती. मला वाटलं आता हे दोघं भांडतील, आणि भांडले असते तर बरं झालं असतं. हे त्यांच्याशेजारी बसले. मी उभी होते ती सुटलेच. तोंडाला येईल ते मी दोघांना बोलले. एकाला म्हणाले, तोंडानं सांगून जायला काय धाड भरली होती? दुसऱ्याला म्हणाले, एक होय म्हणायला काय जीभ झडणार होती? चार माणसं गोळा झाली, तरी मी थांबले नाही.

माझं सगळं सरल्यावर आबा म्हणाले, "सांगितलं आसतं तर ह्येनं घेतला आसता का? आनि दावं का सोडीन मी? मी काय इकला व्हता बैल? पोरी, लेकीला जनावर देत्यात ते दाव्यासकट देत्यात. दावं काडून दिलं तर ते इकल्यासारकं व्हतं. बरकत लेकीसंगं जाऊ द्यायची आसती. मी बैल ह्येला न्हवता दिला. तुला दिलता."

आता हे आम्हाला कळणार कसं? यांना बहीण नव्हती, यांच्या घरातून लेकीबरोबर जनावर कधी गेलेलंच नव्हतं. आणि माझ्या बापाच्या दारात बांधायला शेळीसुद्धा नव्हती. एक लुगडं आणि नारळ, एवढ्यावर त्यांनी मला पाठवलेलं. जनावर विकताना दावं सोडतात, हे मी जन्मभर बाजारात पाहिलं होतं. लेकीला देताना काय करतात, ते पाहायची वेळ माझ्यावर आलीच नव्हती. मला आंदण मिळालं होतं, आणि मी ते वर्षभर दुसऱ्याची ठेव म्हणून वैरण घालून सांभाळलं होतं.

सुगी उरकल्यावर आबा आमच्याकडं आले आणि शेवटपर्यंत आमच्यातच राहिले. जमीन मात्र पुन्हा कुणी देऊ केली नाही, आणि आम्हीही तिचं नाव काढलं नाही. दोष कुणाचा, हे मी इतक्या वर्षांत ठरवू शकलेले नाही. दोघांनी एकमेकांचं भलंच केलं आणि त्यात होतं नव्हतं ते गेलं. याला काय म्हणायचं, हे मला अजूनही कुणी सांगावं.

बाजारात आबा भेटले त्या दिवशी ऊन कलल्यावर परतायची वेळ झाली. आबांना राखणीवर जायचं होतं, ते तांबड्याच्या मानेला हात लावून उभे होते. यांनी पांढरा जुंपला. मग तांबड्यापाशी आले, जू हातात उचललं, आणि तसेच थांबले. वर्षभर ज्या बैलाला यांनी रोज जुंपला होता, त्याच्याकडं न बघता हे माझ्याकडं बघत होते.

"जुपू का?" यांनी मला विचारलं.

लग्न झाल्यापासून यांनी मला कशाचीही परवानगी विचारलेली नव्हती. आबा खाली मान घालून उभे होते. हसावं की रडावं ते मला कळेना, आणि दोघंही माझ्या उत्तरासाठी खोळंबले होते.

"जुपा," मी म्हणाले.